ओरा-१९५०० च्या पुढचे एरर कोड: आधी बघा, रिस्टोर अजून होईल का

प्रश्न थोडक्यात असा. लिनक्सवर ओरॅकल १९सी, एंटरप्राइझ एडिशन, डेटाबेस साधारण १ टेराबाइटचा. रविवारी रात्री आरमॅनने (ओरॅकलचं बॅकअप-रिस्टोरचं साधन) लेव्हल ०, म्हणजे पूर्ण, बाकीच्या रात्री लेव्हल १, म्हणजे फक्त बदललेल्या ब्लॉकांचा (ओरॅकल डेटा ठेवतो त्या लहान तुकड्यांचा) इन्क्रिमेंटल बॅकअप. मार्चअखेरच्या धावपळीत बॅकअप ओरा-१९८०९ (‘ओरा’ने सुरू होणारे हे ओरॅकलचे एरर कोड) देऊन थांबला. जागा करायला कुणीतरी आर्काइव्ह लॉगच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची क्रमवार नोंद जपणाऱ्या, जुन्या फाइली थेट आरएम कमांडने उडवल्या, तर दुसऱ्या रात्री ओरा-१९६२५ आली. स्टोरेज स्नॅपशॉटवरून टेस्ट सर्व्हरवर उभी केलेली प्रत ओरा-१९७५५ देऊन उघडेना. आणि डीबीएमएस_फाइल_ट्रान्सफर पॅकेजने एक फाइल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवताना ओरा-१९५०५. विचारणाऱ्यांना हवा आहे तो एक तक्ता: कोड आणि त्यापुढे उपाय.

तसा तक्ता मी देणार नाही. या कोडांपैकी बरेचसे कोड फक्त एवढंच सांगतात की कोणत्या फाइलवर कोणतं काम अडलं. का अडलं ते त्याच्या खालच्या ओळीत असतं, आणि तीच ओळ तिकिटात चिकटवताना लोक कापून टाकतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. या घराण्यातल्या काही एररवर असे उपाय प्रचलित आहेत की एरर जाते, बॅकअप हिरवा दिसतो, आणि गरज पडेल त्या दिवशी डेटाबेस परत आणता येत नाही. म्हणून प्रत्येक एररला पहिला प्रश्न हाच विचारायचा: या क्षणी रिस्टोर करायची वेळ आली तर मी कुठपर्यंत पोहोचू शकतो? ‘एरर कशी घालवू’ हा त्यानंतरचा प्रश्न.

आधी स्टॅक वाचण्याबद्दल. आरमॅनच्या आउटपुटमध्ये आरमॅन-००५७१ आणि आरमॅन-००५६९ या नुसत्या चौकटीच्या ओळी. त्यांत काही नसतं. त्याखाली आरमॅन-०३००२ किंवा आरमॅन-०३००९ कोणती कमांड, कोणतं चॅनल (बॅकअपचं काम करणारी सर्व्हरवरची प्रोसेस) आणि किती वाजता ते सांगते. मग आपली १९ हजारांतली ओळ फाइलचं नाव सांगते. त्याखालची २७ हजारांतली ओळ ऑपरेटिंग सिस्टिमला काय करायला सांगितलं होतं ते सांगते, आणि सगळ्यात खाली लिनक्सचा स्वतःचा क्रमांक येतो. वाचायला सुरुवात त्या तळाच्या क्रमांकापासून करायची. २ म्हणजे फाइल किंवा डिरेक्टरी नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही, ५ म्हणजे इनपुट-आउटपुटच बिघडलं.

ओरा-१९५०२, म्हणजे फाइलवर लिहिताना चूक, ही एकच ओळ घ्या. तिच्याखाली ओरा-२७०७२ आणि क्रमांक २८ असेल तर जागा करा आणि पुन्हा चालवा, विषय संपला. त्याच ओळीखाली क्रमांक ५ असेल तर पुन्हा चालवण्याआधी स्टोरेज सांभाळणाऱ्यांना उठवा, कारण डिस्क, केबल, कंट्रोलर यांपैकी काहीतरी जात आहे आणि उद्या ते डेटाफाइलवरही, म्हणजे खुद्द डेटा असलेल्या फाइलवरही, येऊ शकतं. कोड तोच आहे, पण पहिल्या प्रकारात दहा मिनिटांचं काम आहे आणि दुसऱ्यात अख्ख्या रात्रीचं. तक्त्यात हे कुठे बसवणार?

ओरा-१९५०४, म्हणजे फाइल तयार करता आली नाही, बहुतेक वेळा ओरा-२७०४० सोबत घेऊन येते. इथे नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला: ‘मी त्या डिरेक्टरीत लिहून पाहिलं, लिहिता येतं.’ पण बॅकअपची फाइल तुम्ही लिहीत नसता. ती डेटाबेस सर्व्हरवरची ओरॅकलची प्रोसेस लिहिते, ओरॅकलच्या ओएस युजरने, सर्व्हरच्याच डिस्कवर. आरमॅन तुमच्या लॅपटॉपवरून चालवलात तरी पाथ सर्व्हरवरचा लागतो. रॅकमध्ये, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हर (नोड) मिळून चालवतात तिथे, चॅनल ज्या नोडवर उघडलं त्या नोडवर ती डिरेक्टरी हवी. विंडोजवर सर्व्हिस ज्या खात्याने चालते त्या खात्याला तुम्ही जोडलेलं नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर दिसतच नाही. तिथे पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा लागतो. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, ओरा-२७०५४ आली तर परवानग्या बघत बसू नका, माउंट करतानाचे पर्याय बघा.

लिनक्सवर ‘ओईआरआर ओरा १९५०४’ असं टर्मिनलवर टाकलं की कारण आणि कृती तिथल्या तिथे मिळते. इंटरनेटवर शोधण्याआधी ते करा. निदान तुमच्या आवृत्तीचा मजकूर तरी मिळेल.

आता मुख्य एररकडे येऊ. ओरा-१९८०९ एकटी क्वचित येते. जोडीला ओरा-१९८०४ असते आणि अलर्ट लॉगमध्ये (डेटाबेसच्या रोजनिशीत) ओरा-१९८१५ चा इशारा आधीच येऊन गेलेला असतो. तिचा अर्थ फास्ट रिकव्हरी एरियाला, म्हणजे बॅकअप आणि आर्काइव्ह लॉग ठेवायच्या राखीव जागेला, दिलेली मर्यादा संपली, इतकाच. डिस्क भरली असा त्याचा अर्थ नाही. डीएफ कमांडने बघाल तर डिस्कवर भरपूर जागा मोकळी दिसू शकते, कारण ही मर्यादा डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइज या पॅरामीटरची आहे. किती वापरलं याचा हिशेब ओरॅकल कंट्रोल फाइलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या फाइलींची नोंदवही असलेल्या फाइलमध्ये, ठेवतो, डिस्क मोजून नव्हे. म्हणूनच आरएमने फाइली उडवल्यावर काहीच सुधारलं नाही. ओरॅकलच्या वहीत त्या फाइली अजून जमा होत्या.

पहिलं पाऊल, डिस्कवर खरोखर जागा असेल तर, तो पॅरामीटर ऑल्टर सिस्टिमने वाढवा. रीस्टार्ट लागत नाही. हे आधी करायचं कारण असं की मर्यादा पूर्ण भरलेली असताना आर्काइव्हर (आर्काइव्ह लॉग लिहिणारी प्रोसेस) अडकतो, ओरा-००२५७ येते आणि युजरची कामं थांबतात. मार्चअखेरच्या दिवशी हे झालं की सगळं ऑफिस तुमच्या टेबलाशी येतं. श्वास घेण्यापुरती जागा झाली की मग शांतपणे व्ही$रिकव्हरी_एरिया_युसेज बघा. व्ही$ ने सुरू होणारे हे ओरॅकलचे स्वतःबद्दलच्या माहितीचे तक्ते, साध्या क्वेरीने वाचता येतात. कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती टक्के खाल्लं आणि त्यातलं किती परत मिळण्याजोगं आहे, हे त्यात सरळ दिसतं.

‘परत मिळण्याजोगं’ या रकान्यावर खरं निदान अवलंबून आहे. जागा कमी पडली की जुन्या, निकामी झालेल्या फाइली ओरॅकल आपणहून काढतो. तुम्हाला काही करावं लागत नाही. तो रकाना शून्याजवळ असेल तर काहीतरी त्या फाइलींना धरून बसलं आहे. बहुतेक वेळा आर्काइव्ह लॉगचा बॅकअपच झालेला नसतो. कधी स्टँडबायपर्यंत (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या राखीव प्रतीपर्यंत) लॉग पोहोचलेले नसतात. आणि तिसरा प्रकार नजरेतून फार सुटतो: कुणीतरी एखाद्या रिलीजच्या आधी गॅरंटीड रिस्टोर पॉइंट (डेटाबेस हमखास मागे नेता येईल अशी खूण) टाकतो, रिलीज नीट पार पडतं, आणि तो पॉइंट काढायचा राहतो. मग मागे जाण्यासाठी लागणारे फ्लॅशबॅक लॉग साठत जातात आणि त्यांना हात लावायची ओरॅकलला मुभा नसते. व्ही$रिस्टोर_पॉइंट एकदा बघून घ्या.

मर्यादा किती ठेवावी, याचं उत्तर सरासरी दिवसावरून काढू नका. वर्षातला सगळ्यात जड दिवस धरा. आपल्याकडे तो बहुधा ३१ मार्च किंवा १ एप्रिल असतो, बॅच चालतात तो. व्ही$आर्काइव्हड_लॉग मध्ये दिवसवार बेरीज केली की आकडा हातात येतो; त्या दिवसाइतके किमान दोन दिवस बॅकअप न होताही मावले पाहिजेत, असं मी धरतो. आणि रिटेन्शन पॉलिसी (बॅकअप किती ठेवायचे याचा नियम) मुळात जशी येते तशी, म्हणजे रिडंडन्सी १ वर, सोडू नका. एकच प्रत ठेवायला सांगितल्यावर ओरॅकल एकच ठेवेल. ७ किंवा १४ दिवसांची रिकव्हरी विंडो लावा, म्हणजे तेवढ्या दिवसांतल्या कुठल्याही क्षणापर्यंत जाता येईल इतके बॅकअप राहतील.

आता ओरा-१९६२५. बरोबर आरमॅन-०६०५९ आणि ओरा-२७०३७ असतील: अपेक्षित आर्काइव्ह लॉग सापडला नाही. जो तो उपाय सांगतो: क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल (नोंदलेल्या फाइली जागेवर आहेत का ते बघून नसलेल्यांना ‘एक्सपायर्ड’ ठरवणं), मग डिलीट एक्सपायर्ड (त्या नोंदी पुसणं). दोन कमांडी, एरर गेली, बॅकअप हिरवा. उपाय चूक नाही, अर्धा आहे. आरमॅन-०६०५९ च्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असतं की लॉग हरवल्याने रिकव्हरीची क्षमता धोक्यात आली आहे. क्रॉसचेकने त्या धोक्याची नोंद पुसली जाते, धोका राहतोच.

रिकव्हरीला लॉग क्रमाने लागतात. १२५० क्रमांकाचा लॉग गेला तर आधीच्या बॅकअपवरून नुसत्या लॉगने १२४९ च्या शेवटापर्यंतच जाता येतं, पुढचे शंभर लॉग जागेवर असले तरी. म्हणून क्रम असा ठेवा. आधी क्रॉसचेक, पण डिलीट एक्सपायर्ड करण्याआधी लिस्ट एक्सपायर्डचं आउटपुट जपून ठेवा. मग बघा, हे लॉग दुसरीकडे कुठे आहेत का. स्टँडबायवर किंवा दुसऱ्या आर्काइव्ह डेस्टिनेशनवर असतील तर तिथून आणून कॅटलॉग कमांडने नोंदवा, खिंडार बुजलं. नसतील तर लगेच, त्याच दिवशी, संपूर्ण डेटाबेसचा लेव्हल १ बॅकअप घ्या. बरेच जण म्हणतात की अशा वेळी लेव्हल ० शिवाय गत्यंतर नाही. तसं नाही. रिकव्हरी करताना आरमॅन जिथे इन्क्रिमेंटल मिळतो तिथे लॉगऐवजी तो लावतो, त्यामुळे खिंडारानंतर घेतलेला लेव्हल १ हरवलेल्या लॉगांवरून उडी मारून पलीकडे नेतो. रविवारी नेहमीचा लेव्हल ० होईपर्यंत तुम्ही त्याच्यावर सुरक्षित आहात.

एक गोष्ट मात्र परत येत नाही. हरवलेल्या लॉगांच्या काळातल्या एखाद्या मधल्या क्षणापर्यंत डेटाबेस नेणं आता शक्य नाही. ‘दुपारी साडेतीनला कुणीतरी टेबल उडवलं, तीन पंचवीसला न्या’ असं त्या काळाबद्दल कुणी म्हणालं तर लॉग हातात नाहीत. लिस्टमध्ये लॉगच्या वेळा असतात. तेवढा काळ लिहून ॲप्लिकेशनच्या मालकांना कळवा. हे कळवणं मला उपायाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण बँक किंवा रुग्णालयासारख्या ठिकाणी त्या हरवलेल्या काळाची जबाबदारी तुमच्या एकट्याची नसते.

तुमच्या प्रश्नात ओरा-१९५६६ नाही, पण तिच्यावर बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. बॅकअप घेताना खराब ब्लॉक सापडला, आणि मर्यादा मुळात ० असल्यामुळे त्या फाइलचा बॅकअप थांबला. प्रचलित उपाय सेट मॅक्सकरप्ट: इतके खराब ब्लॉक चालतील असं सांगा आणि पुढे जा. बॅकअप होतो. पण पुढे काय होतं बघा. प्रत्येक रात्री खराब ब्लॉकसकट नवा बॅकअप होतो, रिटेन्शनची मुदत पुढे सरकते, आणि तो ब्लॉक ज्यात शाबूत होता तो जुना बॅकअप एके दिवशी निकामी ठरून पुसला जातो. ब्लॉक दुरुस्त करायचा एकमेव कच्चा माल तुमच्याच स्क्रिप्टने फेकून दिलेला असतो.

त्याऐवजी आधी डिलीट ऑब्सोलीट, म्हणजे मुदत संपलेले बॅकअप पुसणारी कमांड, थांबवा. व्हॅलिडेट डेटाबेस चालवा म्हणजे व्ही$डेटाबेस_ब्लॉक_करप्शन भरेल, आणि डीबीए_एक्स्टेंट्स मध्ये तो ब्लॉक कोणाचा ते शोधा. इंडेक्सचा असेल तर इंडेक्स काढून नव्याने बांधा. टेबलचा असेल तर रिकव्हर करप्शन लिस्ट. डेटाबेस चालू असताना फक्त तेवढे ब्लॉक जुन्या बॅकअपमधून आणि लॉगमधून दुरुस्त होतात. ही सोय एंटरप्राइझ एडिशनची आहे आणि तुमच्याकडे ती आहे. कुणाचाच नसेल, म्हणजे मोकळ्या जागेतला असेल, तर डेटा गेलेला नाही. तिथे, ते पक्कं झाल्यावर, मॅक्सकरप्ट तात्पुरता वापरायला माझी हरकत नाही.

टेपवर किंवा बाहेरच्या बॅकअप सॉफ्टवेअरवर पाठवणाऱ्यांना ओरा-१९५११ दिसते. ती ओरॅकलची तक्रार नाही, मीडिया मॅनेजरचा निरोप आहे; त्या सॉफ्टवेअरचा लॉग बघा. ओरा-१९५७३ म्हणजे जी डेटाफाइल रिस्टोर करायची ती ऑनलाइन आहे किंवा दुसरं काम तिला धरून आहे. ओरा-१९६०२ म्हणजे नोआर्काइव्हलॉग मोडमध्ये (आर्काइव्ह लॉग न ठेवता) चालू डेटाबेसचा बॅकअप मागितला. यात फारसं गूढ नाही.

चेंज ट्रॅकिंगकडे मी सावकाश येतोय, कारण तिथे भीती जास्त आणि धोका कमी आहे. ब्लॉक चेंज ट्रॅकिंग १०जीपासून आलं. सीटीडब्ल्यूआर नावाची प्रोसेस बदललेल्या ब्लॉकांची बिटमॅप एका छोट्या फाइलमध्ये नोंदवत राहते, आणि लेव्हल १ बॅकअप सगळा डेटाबेस चाळण्याऐवजी त्या नोंदीवरून नेमके ब्लॉक वाचतो. फाइल १० मेगाबाइटपासून सुरू होते. १ टेराबाइटच्या डेटाबेसलाही ती काही दहा मेगाबाइटांतच असते. या फाइलमध्ये तुमचा डेटा नसतो. ती गेली तर डेटा जात नाही आणि घेतलेले बॅकअपही बिघडत नाहीत. पुढचा इन्क्रिमेंटल फक्त हळू होतो. आरमॅन तिचा बॅकअपही घेत नाही, कारण ती पुन्हा बनवता येते.

म्हणून टेस्ट सर्व्हरवरची ओरा-१९७५५ सोपी आहे. स्नॅपशॉटसोबत आलेल्या कंट्रोल फाइलला जुन्या सर्व्हरवरच्या ट्रॅकिंग फाइलचा पत्ता आठवतोय, आणि इथे त्या पत्त्यावर काही नाही. ओरा-१९७५० तो पत्ताच दाखवते. डेटाबेस माउंट अवस्थेत ठेवा, ऑल्टर डेटाबेस डिसेबल ब्लॉक चेंज ट्रॅकिंग द्या, मग उघडा. टेस्टवर ट्रॅकिंग लागत नसेल तर तसंच राहू द्या. लागत असेल तर नव्या पत्त्यावर एनेबल करा. नुसती जागा बदलायची असेल आणि ओरा-१९७७१ आली, तर कारण एवढंच की डेटाबेस उघडा असताना या फाइलचं नाव बदलता येत नाही. बंद करणं परवडत नसेल तर डिसेबल करून नव्या जागी एनेबल करा. जुन्या नोंदी जातील, एक रात्र बॅकअप लांबेल.

खरी काळजी उलट्या बाजूला आहे. डेटाबेस चालू असताना ट्रॅकिंग फाइलवर लिहिता आलं नाही, तर ओरॅकल डेटाबेस पाडत नाही. अलर्ट लॉगमध्ये चेंज ट्रॅकिंग एररची ओळ टाकून ट्रॅकिंग बंद करतो. निर्णय योग्य आहे. पण युजरला काही जाणवत नाही, बॅकअप यशस्वी होतो, फक्त चाळीस मिनिटांचा बॅकअप पाच तासांचा होतो आणि सकाळच्या कामाला भिडतो. मग चर्चा नेटवर्कवर, स्टोरेजवर, चॅनल वाढवण्यावर. आधी व्ही$ब्लॉक_चेंज_ट्रॅकिंग मधला स्टेटस बघा. मग व्ही$बॅकअप_डेटाफाइल मध्ये युज्ड_चेंज_ट्रॅकिंग रकाना बघा आणि वाचलेल्या ब्लॉकांचं फाइलच्या एकूण ब्लॉकांशी प्रमाण काढा. ट्रॅकिंग वापरूनही ते प्रमाण मोठं येत असेल तर डेटाच इतका बदलतोय. लेव्हल ० जास्त वेळा घ्या.

बिटमॅपच्या आठ आवृत्त्याच राहतात, हेही लक्षात असू द्या. रविवारी लेव्हल ० आणि सहा रात्री लेव्हल १ हे तुमचं वेळापत्रक त्यात बसतं. पण लेव्हल ० पंधरवड्यावर नेलात आणि सात डिफरेन्शियलनंतर (आदल्या बॅकअपपासूनचे बदल) एक क्युम्युलेटिव्ह (लेव्हल ० पासूनचे सगळे बदल) घेतलात, तर लेव्हल ० च्या वेळची बिटमॅप पुसली गेलेली असते आणि तो बॅकअप सगळ्या फाइली वाचत बसतो. इथे एररच येत नाही.

राहिली फाइल पाठवणं. डीबीएमएस_फाइल_ट्रान्सफर मध्ये तीन प्रोसीजर: कॉपी_फाइल स्थानिक प्रतीसाठी, गेट_फाइल आणायला, पुट_फाइल पाठवायला. एएसएममधून (ओरॅकलच्या स्वतःच्या डिस्क-व्यवस्थेतून) साध्या फाइल सिस्टिमवर किंवा उलट नेण्यासाठी हे फार कामाचं पॅकेज आहे. तुमच्या ओरा-१९५०५ खाली ओरा-२७०४६ आहे, म्हणजे फाइलचा आकार ५१२ बाइटच्या पटीत नाही. हे पॅकेज डेटाफाइल आणि डंप फाइलींसाठी आहे. झिप केलेली फाइल किंवा सीएसव्ही त्यातून जाईलच असं नाही. ती एससीपीने पाठवा. तेच ओरा-१९५०५ ओरा-२७०३७ आणि क्रमांक २ सोबत आलं असतं तर फाइल त्या नावाने त्या डिरेक्टरीत नाही, असा अर्थ झाला असता. ओरा-१९५०४ खाली ओरा-२७०३८ दिसली तर पलीकडे त्या नावाची फाइल आधीच आहे. हे पॅकेज जुन्या फाइलवर लिहीत नाही, आणि ते बरंच आहे. डिरेक्टरी ऑब्जेक्टचं नाव कॅपिटलमध्ये द्या. डेटाबेस लिंकवरून पाठवताना स्टॅकमध्ये ओरा-०२०६३ दिसली तर तिच्या वरच्या ओळी पलीकडच्या सर्व्हरच्या आहेत. परवानगी आणि जागा तिकडे तपासायची, इकडे नाही.

आणि चालू टेबलस्पेसची (डेटाफाइलींच्या गटाची) डेटाफाइल या पॅकेजने उचलू नका. कॉपी एरर न देता होईल, पण फाइल आतून विसंगत असेल. टेबलस्पेस आधी रीड ओन्ली करा, किंवा सरळ आरमॅनचा बॅकअप ॲज कॉपी वापरा.

आज करायचं ते या क्रमाने करा. लिस्ट एक्सपायर्डचं आउटपुट जपा, स्टँडबायवर ते लॉग शोधा, नाही मिळाले तर आत्ताच लेव्हल १ आणि पाठोपाठ आर्काइव्ह लॉगचा बॅकअप. मग रिस्टोर डेटाबेस प्रीव्ह्यू चालवा. कोणते बॅकअप पीस (बॅकअपच्या फाइली) आणि कोणते लॉग लागतील याची यादी मिळेल, हरवलेला क्रमांक त्यात नाही ना ते बघा. त्यानंतर रिस्टोर डेटाबेस व्हॅलिडेट, जे पीस खरोखर वाचून बघतं. ते आर्काइव्ह लॉग तपासत नाही, त्यासाठी रिस्टोर आर्काइव्हलॉग व्हॅलिडेट वेगळं द्या आणि सुरुवात खिंडारानंतरच्या पहिल्या लॉगपासून धरा. टेस्ट सर्व्हर त्यानंतर उघडला तरी चालेल.